बिनमुकुटाचं अंडं

सोलापुरात मी दोन वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिलो, ते गृहस्थ बंदूक समोर आली की आधी तिला उताणी निजवत. तान्ह्या पोराला तेल लावायला घेतात तशी. चापाकडे बघत नसत, घोड्याकडे बघत नसत, आणि दस्त्यावर चांदीची वेलबुट्टी असली तर तिच्याकडे मुळीच बघत नसत. खिळा काढून नळी लाकडातून उचलायची आणि तिच्या पोटाखाली काय उमटलंय ते शोधायचं. "वर काय लिवलंय ते दुकानदार लिवतो," ते म्हणत. "खाली काय हाय ते बगा. खाली खोटं बोलायला कोण जातंय?"

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणतो. एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसचा तो सुमार. साखर पेठेतली ती गल्ली तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पहाटे डोळा उघडायचा तो मागाच्या खटखटाटानं. एवढ्या वस्तीत धोट्याला कधी हात न लावलेला हा एकटाच माणूस. तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्याची नोकरी करून मामा निवृत्त झाले होते. त्यांचे थोरले बंधू सांगायचे, "आमच्या घरात सगळे सुताचे, हा एकटा लोखंडाचा." आणि हा लोखंडाचा माणूस दिवाळीत पोरांनी लवंगी लावली तरी कानात बोटं घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचा. आवाज सोसत नाही, म्हणायचा. बंदुकीचा आवाज ही बंदुकीतली सर्वांत फालतू गोष्ट आहे असं त्यांचं मत होतं.

कुठल्याही वस्तूचं पोट बघितल्याशिवाय मामांना चैन पडत नसे. मी पहिल्या दिवशी सामान घेऊन आलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझा कंदील उलटा केला. तळाशी काहीतरी वाचलं, "जर्मन. लढाईच्या आधीचा," असं म्हणाले आणि मग खोलीची किल्ली दिली. कंदिलातलं रॉकेल माझ्या वळकटीवर सांडलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. पुढे एका लग्नाच्या पंगतीत भात वाढायच्या आधी त्यांनी शेजाऱ्याचं ताट उलटं करून पाहिलं. शेजारी नेमका व्याही होता. त्या लग्नानंतर मामांना सगळीकडे केळीचं पान वाढू लागले.

त्यांच्या कणकेविषयी सांगायलाच हवं. नळीवरचे ते कारखान्याचे आणि तपासणीचे छाप म्हणजे मुगाच्या डाळीएवढे, त्यात वर्षानुवर्षांचा गंज. कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली की उमटतात, पण मामांना ते पटत नसे. ते घट्ट भिजवलेल्या कणकेची गोळी घेत, तेलाचं बोट लावून ती छापावर दाबत आणि हळूच उचलत. छाप कणकेवर उठून यायचा, पण उलटा. मग अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, कुंकवाचा आरसा समोर धरून तो वाचायचा. अडचण एवढीच होती की आमचा सगळा मुलूख ज्वारीचा. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, छाप घेताना ते तडकतं. गहूच लागायचा, आणि गहू त्या घरात सणासुदीलाच यायचा.

"अय्यो, माणसाला भाकरी आणि बंदुकीला पोळी!" अक्का कपाळावर हात मारायच्या. डबा लपवून ठेवायच्या, मामा तो शोधून काढायचे. या कणकेत ते हळद घालत, किडे लागू नयेत म्हणून, आणि त्या पिवळ्या टिकल्या सावलीत वाळवून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. तरी टोके व्हायचेच. "अठराशे साठ सालची खाल्ली की ओ टोक्यांनी," म्हणून एकदा ते दिवसभर जेवले नाहीत. अक्काही जेवल्या नाहीत, पण त्या रागानं.

मला त्यांनी शिकवलेला एकच नियम इथं सांगतो, कारण पुढं तो लागणार आहे. त्या काळी आपल्याकडे बेल्जममध्ये घडवलेल्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ होत्या. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू आणि छरे गजानं ठासून भरायची. तिथल्या सरकारी तपासणीत नळी टिकली की तिच्यावर अंड्याच्या आकाराचा छाप मारत. आत तीन इंग्रजी अक्षरं, खाली चांदणी. अठराशे त्र्याण्णव सालापासून त्या अंड्याच्या डोक्यावर मुकुट आला. बस्स, एवढंच. मुकुट असला तर बंदूक अलीकडची, नसला तर त्याच्या आधीची.

एक इनामदार एकदा पणजोबांची बंदूक घेऊन आले होते. पणजोबांनी ती पेशवाईतल्या कुठल्याशा लढाईत चालवली होती म्हणे, आणि दस्त्यावर चांदीत तसं सालही कोरलेलं होतं. मामांनी ती निजवली, कणीक दाबली, आरसा धरला.

"मुकुट हाय," मामा म्हणाले.

"म्हणजे काय?" इनामदारांनी विचारलं.

"म्हंजे पणजोबांची न्हाय ओ. तुमच्या लग्नात कुणीतरी आहेर केला असंल बगा."

इनामदार ताडकन उठून गेले. घरी जाऊन त्यांनी आठवून पाहिलं असावं, कारण महिन्याभरानं त्यांनी गड्याच्या हाती दुसरी बंदूक पाठवली आणि सोबत निरोप, की हिच्याविषयी काही बोलू नये, फक्त साफ करावी.

हे सगळं मी बघत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, नातेपुत्याकडून आलेला, सरकारी कचेरीत हत्यार-परवान्यांच्या टेबलावर बसणारा कारकून. माझ्या टेबलावर जिल्हाभरच्या बंदुकांची नोंद होती. मामांकडे कणकेच्या टिकल्या होत्या. "या की ओ कारकून, एक गंमत दावतो," असं ते रोज म्हणायचे आणि मी रोज काहीतरी काम काढायचो. शिकलेल्या माणसाचा गाढवपणा वेगळाच असतो. तो इस्त्री करून घातलेला असतो.

आता माझ्या गाढवपणाची गोष्ट.

परवान्याच्या नमुन्यात 'नंबर' असा एक रकाना होता. आमचे हेडक्लार्क भला माणूस, पण रिकामा रकाना दिसला की त्यांना मुंडावळ्यांशिवाय नवरा बघितल्यासारखं व्हायचं. गावाकडच्या ठासणीच्या बंदुकांना बहुधा नंबर नसतोच. "नीट बघा, असेल," ते म्हणायचे. मग मी नीट बघू लागलो आणि मला नंबर दिसू लागले. नळीच्या कडेला, लाकडाच्या जरा वर, बारीक आकडे असायचे. ते मी सुवाच्य अक्षरात रकान्यात भरायचो. हेडक्लार्क खूश, मी खूश.

एके दिवशी अकलूजच्या एका तालेवार बागायतदाराची बंदूक चोरीला गेल्याची वर्दी आली. माझ्या नोंदीप्रमाणे तिचा नंबर एकशे अडुसष्ट. मी उत्साहानं वह्या चाळल्या आणि मला तोच नंबर दुसऱ्या एका परवान्यावर सापडला. आमच्याच बाजूचा, नातेपुत्याच्या माळावरचा एक धनगर. लांडग्यांपासून मेंढरं राखायला आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या घरात बंदूक होती. मी धावत जाऊन हे फौजदारांना सांगितलं. फौजदारांनी माझी पाठ थोपटली आणि धनगराला बंदुकीसह पकडून आणलं. एक नंबर आणि दोन परवाने, म्हणजे त्यातला एक परवाना खोटा, असा त्यांचा हिशेब. खोटा कुणाचा? बागायतदाराचा कसा असेल! बागायतदारांनीही बंदूक बघून "हीच माझी" असं सांगितलं. चोरीचा माल, खोटा परवाना. धनगर चांगला तीन-चार वर्षं आत जाणार असं कचेरीत सगळे म्हणू लागले.

रविवारी दुपारी अक्कांनी मला जेवायला बोलावलं होतं. मी ऐटीत ही हकिगत सांगितली. माझ्या वहीनं चोर कसा धरला ते.

मामांचा घास हातात राहिला. "नंबर काय म्हणालासा?"

"एकशे अडुसष्ट."

"कुटं होता?"

"नळीच्या कडेला."

"एक, सहा, मग एक ठिपका, मग आठ?"

ठिपका होता. दोन्ही बंदुकांवर होता. मी तो गंजाचा समजलो होतो.

"तो नंबर न्हाय ओ," मामा अगदी हळू म्हणाले. "ते नळीच्या भोकाचं माप हाय. सोळा मिलीमीटर आणि वर आठ दशांश. त्या मापाच्या बंदुका बेल्जमनं गाडीगाडीनं पाठवल्यात. तुमच्या बुटाचा नंबर आठ हाय म्हून गावातले सगळे आठ नंबरवाले तुमचे बूट चोरले का?"

मी हात धुतले. माझ्यानं पुढं जेववेना. दुसऱ्या दिवशी कचेरीत सर्वांच्या आधी जाऊन मी माझ्या दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. एकशे अडुसष्ट नंबरच्या अकरा बंदुका निघाल्या. अकराही ठिकाणी माझं वळणदार अक्षर. दोघांचं प्रकरण उभं होतं; बाकी नऊ जणांच्या मानेवर मी फास अडकवून ठेवला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

संध्याकाळी मी मामांच्या पायाशी जाऊन बसलो आणि अकरा नोंदींचं सांगून टाकलं. आमच्या कचेरीच्या साहेबांपुढे चौकशी चार दिवसांवर होती, आणि बंदूक तपासायला कुणी जाणता माणूस पाहिजे म्हणून साहेबांनी मामांनाच बोलावलं होतं. मी म्हणालो, "मामा, बागायतदाराची बंदूक त्याच्या वडिलांनी त्याच्या जन्माच्या साली नवी मागवली होती, तो सगळ्यांना सांगत असतो. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. धनगराची आजोबांची. तुम्ही नुसतं अंडं दाखवलंत तरी तो सुटेल ना?"

"मुकुट नसला तर सुटंल."

"मग त्या एकशे अडुसष्टचं काही बोलू नका. माझी नोकरी जाईल. घरी आई आहे, दोन बहिणी आहेत."

मामा ट्रंकेतल्या टिकल्या निवडत होते, तांदूळ निवडावे तशा. त्यातली एक त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "मी बंदुकीचं बगतो. वहीचं मला ठावं न्हाय, मी बोलणार न्हाय. पण ह्यो एक सुटंल. बाकीचे नऊ?" एवढं बोलून ते आत गेले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

चौकशीच्या दिवशी सकाळी अक्कांनी स्वतः कणीक भिजवली, ओल्या फडक्यात बांधली आणि वर आपला आरसा ठेवून ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "त्या माणसाचं लेकरूबाळ असंल की," एवढंच म्हणाल्या.

साहेबांच्या खोलीत धनगर भिंतीला टेकून उभा होता. डोक्यावरचं मुंडासं काढायला लावलेलं, त्यामुळे तो उघडा पडल्यासारखा दिसत होता. फौजदार होते, बागायतदार खुर्चीवर होते, मी वह्या घेऊन कोपऱ्यात. मामांनी आधी हात धुवायला पाणी मागितलं. साहेबांच्या खोलीत आजवर असं कुणी मागितलं नसावं. पट्टेवाला तांब्या शोधत सैरावैरा पळाला.

"साहेब, मालकांना विचारा, त्यांची बंदूक कवाची?" मामा म्हणाले.

बागायतदारांनी छाती काढून सांगितलं, "माझ्या जन्माच्या साली वडिलांनी विलायतेला सांगून नवी करकरीत घडवून घेतली. घरी कागद आहे."

मामांनी बंदूक निजवली. नळी उचलली. सुती चिंधीनं तिचं पोट पुसलं आणि कणकेची गोळी दाबली. खोलीत एवढी शांतता, की बाहेरचा टांगेवाला घोड्याशी काय बोलतोय ते ऐकू येत होतं. त्यांनी गोळी उचलली, आरशासमोर धरली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"अंडं हाय. मुकुट न्हाय. ही बंदूक अठराशे त्र्याण्णवच्या आधीची. मालकांच्या जन्माच्या साली घडवलेल्या बेल्जम बंदुकीला मुकुट पायजेच. ही त्यांची न्हवं."

साहेबांनी आरशात पाहिलं, नळी पाहिली, पुन्हा आरशात पाहिलं. फौजदारांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा साहेबच म्हणाले, "बंदूक याचीच दिसते. पण मग दोन्हींचा नंबर एकच कसा?"

"मी बंदुकीचं बगतो, साहेब," मामा म्हणाले. "वहीचं वहीवाले जाणोत." आणि ते नळी पुन्हा लाकडात बसवू लागले. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. साहेबांनी 'योगायोग' असा शेरा मारून कागद मिटले असते, धनगर सुटला असता, मी टिकलो असतो. मी धनगराकडे पाहिलं. काय चाललंय ते त्याला काहीच कळत नव्हतं; तो त्याच्या बंदुकीकडे बघत होता, नीट जोडतायत की नाही म्हणून. मी उभा राहिलो. "साहेब, तो नंबर नाही. ते मापाचे आकडे आहेत. मी नंबर म्हणून लिहिले. अशा अकरा नोंदी आहेत, सगळ्या माझ्या," एवढं बोलून मी वह्या टेबलावर ठेवल्या.

साहेब खूप बोलले. ते सगळं मला आठवत नाही, आणि आठवतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. टेबलावरून मला काढलं, लेखी ताकीद दिली, आणि चोरीला गेलेली सोडून बाकी दहाही बंदुकांच्या गावी जाऊन, समक्ष बंदूक पाहून नोंद दुरुस्त करून आणायचा हुकूम केला. नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मी येतो संगट. तुमाला छाप कुटं दिसणार? परत कायतरी वाचशीला." पासष्टीच्या त्या माणसानं माझ्याबरोबर महिनाभर खाचखळग्यांतून बैलगाड्या केल्या, होटगीच्या फलाटावर उन्हात गाडीची वाट बघत बसले, लोकांच्या ओसरीवर घोंगडी टाकून झोपले. एका मुक्कामी मी त्यांना विचारलं, "मामा, साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्हीच का नाही सांगून टाकलंत?"

"मी सांगितलो असतो तर तुमची नोकरी गेली असती," ते म्हणाले. "तुमी सांगितलासा म्हून ऱ्हायली. साहेब बी माणूसच की ओ." आणि घोंगडी अंगावर ओढत, "तुमी न्हाय बोलला असता तर मी आणखी दहा आकडे मोजणार हुतो. मग सांगणार हुतो."

या दहा आकड्यांसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. ते मोजत होते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते दहापर्यंत पोचायच्या आत मी उठलो, यासारखी दुसरी भाग्याची गोष्ट माझ्या आयुष्यात घडलेली नाही. पुढं मी तीस वर्षं नोकरी केली. एकही रकाना न बघता भरला नाही. रिकामा राहिला तर रिकामा.

धनगराचा वाडा आम्ही शेवटी ठेवला होता. मीच ठेवला होता, खरं सांगायचं तर. जायचं धैर्य होत नव्हतं. माळावर काट्यांचं कुंपण, आत मेंढरं. त्यानं आम्हाला लांबूनच ओळखलं आणि येऊन मामांच्या पायाला हात लावला. बंदूक कचेरीत अडकली होती त्या तीन आठवड्यांत लांडग्यांनी सात मेंढरं नेली होती. हे त्यानं तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पाया पडायचं तर ह्यांच्या पड बाबा. ह्यांनी खरं सांगितलं म्हून समदं मिटलं."

धनगरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच का त्यो आकडा लिवला हुता?"

"हो," मी म्हणालो.

"म्हंजे अडकिवलं बी तुमीच आन् सोडिवलं बी तुमीच की."

मामा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. धनगर मात्र हसला नाही. तो वळून आत गेला, शेळी धरली आणि पितळीत दूध काढून आणलं, फेसाचं, कोमट. मला वाटलं आधी मामांना देईल. त्यानं पितळी माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "घ्या. बसा की. आन् आता नीट लिवा."

मी ते दूध उभ्यानंच प्यालो. त्यानं अंथरलेल्या घोंगडीवर बसायचं मला धाडस झालं नाही.